हाताने तपासलेला दोर

दुपारच्या डब्याच्या सुट्टीत धाकटीने खांद्यावरची पिशवी टेबलावर उपडी केली आणि साठ मीटर निळा दोर थोरलीच्या डब्याला वेढा घालून पसरला, तेव्हा थोरलीच्या हातातला चमचा हातातच राहिला. दोराबरोबर एक वासही आला. पांढऱ्या खडूच्या भुकटीचा, घामाचा, आणि तापलेल्या दगडावर पाणी पडल्यावर येतो तसा काहीसा. प्रयोगशाळेच्या या खोलीत रोज दोर यायचे, पण ते कारखान्यातून यायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुणाच्याही अंगाचा वास न लागलेले. हा दोर कुठे कुठे जाऊन आला होता. "ताई, एवढा बघून दे," धाकटी म्हणाली आणि डब्यातला शेवटचा घास उचलून तोंडात टाकला. "रविवारी सुळक्यावर चाललोय. चार वर्षं झाली याला. तू हो म्हणालीस तर हाच नेते. तू नाही म्हणालीस तर नाही नेणार, विषय संपला." तोंडात घास असताना ती हे बोलली, पाणी दे म्हणावं इतक्या सहज. थोरलीने चमचा खाली ठेवला. धाकटीने वर जायचं की नाही हे आजवर कुणी तिला विचारलं नव्हतं. धाकटीने तर नाहीच.

थोरली दोर तोडायची नोकरी करत होती. म्हणजे प्रयोगशाळेच्या पाटीवर 'साहित्य परीक्षण' असं लिहिलेलं होतं, आणि तिच्या टेबलावरच्या पाटीवर 'वरिष्ठ परीक्षक', पण आई शेजारणींना सांगताना "आमची मोठी दोर तोडते आणि धाकटी दोराला लटकते" असंच सांगायची आणि स्वतःच हसायची. खोलीच्या कोपऱ्यात छतापर्यंत जाणारा लोखंडी मनोरा होता. त्यात ऐंशी किलोचा ठोकळा दोराला बांधून वरून सोडायचा, दोराने तो मध्येच झेलायचा, पुन्हा वर न्यायचा, पुन्हा सोडायचा. चांगल्या दोराने असे निदान पाच हिसके सोसायला हवेत. मनोरा चालवायला किलोकाका होते. बळ न्यूटनमध्ये मोजायचं असतं हे तीस वर्षं त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण ते प्रत्येक गोष्ट किलोतच सांगायचे, साहेबांचा रागसुद्धा. "आज साहेब नऊशे किलो आहेत, आत जाऊ नका." या मनोऱ्याची गंमत अशी की दोर किती सोसतो हे त्याला सांगता येतं, पण तोपर्यंत तो दोर संपलेला असतो. जो दोर अजून वापरायचा आहे त्याच्यासाठी मशीन नाही. त्यासाठी बोटं असतात. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, आणि दोर डाव्या हातातून उजव्या हातात वीतभर वीतभर सरकवत न्यायचा. आवरणाच्या आत गाभा असतो. तो कुठे चपटा लागतो का, कुठे पोकळ, कुठे फार मऊ, हे चिमटीत कळावं लागतं. थोरलीला कळायचं. इतकं कळायचं की साहेब बाहेरच्या लोकांना तिची ओळख करून देताना तिच्या पदवीच्या आधी तिच्या बोटांविषयी बोलायचे.

"बस मग," ती म्हणाली. "पाऊण तास लागेल." धाकटी बसली नाही. ती मनोऱ्यापाशी गेली, मान मागे टाकून वर पाहू लागली, आणि एक पाय नकळत पहिल्या आडव्या पट्टीवर ठेवला. "उतर!" थोरली ओरडली. "अगं, चढले कुठे?" धाकटी म्हणाली. थोरलीच्या तळपायांना मुंग्या आल्या होत्या. नेहमीच येत. दुसऱ्याला उंचीवर पाहिलं तरी येत, नुसतं चित्र पाहिलं तरी. कानातल्या द्रवाचं, डोळ्यांचं आणि स्नायूंचं गणित जुळलं नाही की असं होतं, हे तिने महाविद्यालयात असताना मुद्दाम वाचून काढलं होतं. कारण समजल्याने मुंग्या थांबल्या नव्हत्या. दोन माणसं एकाच आईच्या पोटातून येतात, एकाच टेबलावर जेवतात, आणि एकीच्या पायाखालची जमीन दहा फुटांवर संपते नि दुसरीची संपतच नाही, याचं कारण कुठल्याच पुस्तकात तिला नीट सापडलं नव्हतं.

तिने डोळे मिटले आणि दोर सरकवायला सुरुवात केली. पहिला मीटर, दुसरा मीटर. दोर उत्तम होता. सांभाळून वापरलेला, धुऊन सावलीत वाळवलेला. धाकटी घरात कपड्यांची घडी घालायची नाही, पण दोराची इतकी काळजी घेत होती, हे तिला बोटांतून कळत होतं, आणि ते बरं वाटण्याऐवजी कुठेतरी टोचत होतं. लहानपणीच्या घरावर गच्चीत पाण्याची टाकी होती आणि टाकीला उभी लोखंडी शिडी. थोरली दहा वर्षांची, धाकटी सहाची. टाकीत काय दिसतं ते बघू, असं धाकटीच म्हणाली. तू पुढे हो, मी मागे आहे, असंही तीच म्हणाली. थोरली तीन पायऱ्या चढली आणि चौथीवर पाय टाकताना तिला गजांच्या फटीतून गच्चीची फरशी दिसली. त्यानंतर तिला वर जाता येईना, खाली येता येईना, ओरडताही येईना. धाकटी तिच्या बाजूने, तिच्या खांद्यावर पाय देऊन, वर गेली. बाबा आले तेव्हा थोरलीची बोटं एकेक करून गजावरून सोडवावी लागली. ही गोष्ट बाबा पुढे वीस वर्षं सांगत राहिले. प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक नव्या शेजाऱ्याला. "तीन पायऱ्यांवरून एकीला सोडवायला मला दहा मिनिटं लागली, आणि दुसरी वर वाकून पाण्यात स्वतःचं तोंड बघत होती!" मग हसणं. मग थोरलीच्या पाठीवर थाप: "आमची शहाणी आहे ही." शहाणी. हा शब्द इतक्या प्रेमाने म्हटला जायचा की त्यावर रागावताही यायचं नाही. बाबांनी धाकटीला 'खार' नाव ठेवलं होतं.

अकरावा मीटर. बारावा. बाबांच्या शेवटच्या आजारपणात औषधांच्या वेळा थोरलीने सांभाळल्या. किती पाणी गेलं, किती बाहेर आलं, ताप किती, सगळं तिने एका वहीत लिहिलं, आणि डॉक्टरांनी ती वही पाहून म्हटलं की असं आमच्या नर्ससुद्धा लिहीत नाहीत. धाकटी यायची संध्याकाळी, हाताला खरचटलेलं, नखांत माती, आणि पलंगाच्या कडेला बसून सांगायची. "मग डावा हात कुठे टाकलास?" बाबा डोळे मिटून विचारायचे. "फट होती एक, बोटभर." "आणि पाय?" "पाय हवेतच." थोरली त्या वेळी त्यांच्या पायाशी बसून तळवे चोळत असायची. बाबांना तेव्हा कूससुद्धा स्वतःची स्वतः बदलता येत नव्हती. पण धाकटी सांगत असताना चादरीखाली त्यांच्या पायाची बोटं हलायची. वाकायची, काहीतरी शोधायची, पकडायची. थोरलीच्या तळहातात ते चढत होते. तिने वहीत ते लिहिलं नाही. ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे तिला कळलं नाही, आणि तिच्या कुठल्या बोलण्याने त्यांच्या शरीरातलं एवढंसंही काही कधी हललं असेल का, हा विचार त्या दिवसापासून तिच्या मागे लागला.

बाविसाव्या मीटरवर आवरणाचे चार धागे फुलारलेले होते. दगडावर घासून होतात तसे. तिने चिमटीत धरून पाहिलं, वाकवून पाहिलं. आतला गाभा गोल, भरीव, सलग. असे चार धागे कुठल्याही चार वर्षांच्या दोरावर असतात, त्याची नोंदसुद्धा करत नाहीत. बोटं पुढे सरकायला हवी होती. ती थांबली. डोळे उघडले. धाकटी खिडकीच्या चौकटीत बसून, एक पाय बाहेर सोडून, संत्रं सोलत होती. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत. "इथे," थोरलीने स्वतःचाच आवाज ऐकला, "इथे गाभा चपटा लागतोय."

धाकटी उडी मारून आली. तिने ती जागा चिमटीत धरली, संत्र्याच्या रसाने ओल्या बोटांनी. "मला तर काही लागत नाहीये गं."

"तुला कसं लागेल? दगड घासून घासून हातांचं कातडं केलंयस."

"ते आहे," धाकटी हसली. तिने आपले तळहात बघितले, पँटला पुसले. थोरली वाट पाहत राहिली. आता ती वाद घालेल, पुन्हा बघ म्हणेल, किलोकाकांना बोलवू म्हणेल. मग आपण पुन्हा बघू आणि म्हणू, अगं नाही, ठीक आहे. थोरलीने तेवढी वाट उघडी ठेवली होती. पण धाकटी म्हणाली, "बरं. मग काप." आणि वर म्हणाली, "वाचले म्हणायचं. बघ, म्हणून तुझ्याकडे आणला."

बाद ठरवलेला दोर लगेच कापायचा, हा प्रयोगशाळेचा नियम होता. नाहीतर कुणीतरी चुकून वापरतो. थोरलीने दोर मधोमध दुमडला आणि गरम पातं लावलं. नायलॉन वितळल्याचा गोडसर, घशाला लागणारा वास आला. निळ्या टोकावर काळा मणी झाला. धाकटी बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर वाईट वाटलेलं होतं, पण संशय कुठेही नव्हता. तो असता तर थोरलीला हलकं वाटलं असतं. "जाऊ दे," धाकटी जाताना म्हणाली, "कुणाचा तरी मागून घेते." ती एकेक पायरी सोडून जिना उतरली. थोरली वरून तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहिली, कठड्यापासून हातभर मागे उभी राहून. मागून घेते. हे कसं आपल्या ध्यानात आलं नाही? ती थांबेल, असंच आपण धरून चाललो. आपण थांबलो असतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती जरा उशिरा आली तेव्हा मनोऱ्यात निळा दोर होता. "हा भंगारात कुणी टाकला?" किलोकाकांनी विचारलं. "मशीन गरम करायला म्हणून तीन मीटर कापून लावला. तर हा तुटायचंच नाव घेईना." ठोकळा वर गेला, खाली आला. मनोरा थरथरला. "पाच," काका म्हणाले. मग सहा. सातव्याला दोर तुटला आणि ठोकळा खालच्या वाळूत बसला. काकांनी तुटलेलं टोक हातात घेतलं, फुलासारखा उघडलेला पांढरा गाभा तिच्यापुढे धरला. "चार वर्षांचा जुना, आणि सात हिसके! कुणी बाद केला हा?"

"मी," थोरली म्हणाली.

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार की बाई थकल्या. "होतं असं," ते म्हणाले. "बोटंच ती. त्यांनाही सुट्टी लागते." त्यांनी उरलेले दोन्ही तुकडे नीट गुंडाळून तिच्या टेबलाखाली ठेवले. तिने दिवसभर तिकडे पाय केले नाहीत.

शुक्रवारी दुपारी फोनवर छायाचित्र आलं. धाकटीच्या गटात एक दातांचा डॉक्टर होता, त्याची गाडी, तिची उघडी डिकी, डिकीत पिवळा दोर. खाली लिहिलेलं: 'दोर मिळाला! डॉक्टर म्हणतो दोनदाच वापरलाय.' थोरलीने छायाचित्र मोठं केलं. दोर नवा दिसत होता. तिने आणखी मोठं केलं. दोराला टेकून गाडीची जुनी बॅटरी होती. बॅटरीच्या कडेला पांढरी बुरशी धरल्यासारखं काहीतरी, आणि दोराची दोन वेटोळी त्यात. बॅटरीतलं आम्ल नायलॉनला आतून खातं. बाहेर डाग नाही, रंग जात नाही, बोटांना लागत नाही, तिच्या बोटांनासुद्धा नाही. असा एक दोर एकदा मनोऱ्यात आला होता. पहिल्याच हिसक्याला बिस्किटासारखा तुटला होता, आणि किलोकाका त्या दिवशी किलोत काहीच बोलले नव्हते.

ती बाहेरच्या बोळात गेली आणि फोन लावला. धाकटी चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करायची. मागे गिऱ्हाईक होतं. "बोल ताई. — हां काका, डावा डोळा झाका. — बोल."

"तो पिवळा दोर वापरू नको. त्याच्या शेजारी बॅटरी आहे. आम्ल लागलं असेल त्याला."

"पण पाहिला मी तो. एकदम कोरा आहे."

"दिसत नाही ते. डोळ्यांना दिसतच नाही."

"बोटांनाही लागत नाही का?"

"नाही."

धाकटी हसली. "म्हणजे दिसत नाही, लागत नाही, पण बाद आहे. ताई, तुला आता प्रत्येक दोर बादच वाटायला लागलाय. बाबा म्हणायचे तसं, शहाणी आहेस. — खालची ओळ वाचा काका. — काळजी नको करू गं. आई पण काल हेच करत होती."

थोरलीने भिंतीला पाठ टेकली. बोळाच्या टोकाला पाण्याचं मशीन होतं आणि त्यातून थेंब पडत होता. खोटं सांगितलं तेव्हा धाकटीने एका शब्दाने विश्वास ठेवला होता, आणि आता खऱ्याला ती हसत होती. तिला पुन्हा तो गज हातात लागल्यासारखा वाटला. थंड, गंजाने खरखरीत. वर जाता येत नव्हतं, खाली येता येत नव्हतं. फोन ठेवून द्यावा, आईला सांगावं, डॉक्टरला सांगावं, परस्पर काहीतरी करावं. डॉक्टरचा नंबर मिळवता आला असता. मिळवता आला असता, आणि धाकटीला कधीच काही कळलं नसतं. तळपायांना मुंग्या आल्या, सपाट फरशीवर, तिसऱ्या मजल्याच्या बंद बोळात.

"तुझा दोर चांगला होता," ती म्हणाली.

"काय?"

"निळा. चांगला होता. मला काहीही चपटं लागलं नव्हतं. काकांनी मशीनला लावला, सात हिसके सोसले त्याने. मी खोटं सांगितलं."

पलीकडे दूरवरून गिऱ्हाइकाचा आवाज आला: "खालची ओळ दिसत नाही हो." धाकटी त्यांना म्हणाली, "थांबा काका," आणि तिचा आवाज जवळ आला. "का?"

थोरलीने उत्तर शोधलं. काळजीपोटी, हे तिच्या ओठांवर तयार होतं आणि कुणालाही पटलं असतं. "तू जाऊ नयेस म्हणून," ती म्हणाली. "तू जातेस आणि मी जात नाही, म्हणून. बाबांची बोटं हलायची तू बोलायला लागलीस की. माझ्या हातात असायचे त्यांचे पाय." तिला वाटलं, धाकटीला यातलं काहीच समजणार नाही. "बॅटरीचं मात्र खरं आहे. ते मी खोटं सांगत नाहीये. पिवळा घेऊ नको."

"तुकडे किती झालेत?" धाकटीने विचारलं.

"दोन. एक तीसचा, एक सत्तावीसचा."

"चढायला तीसचा पुरतो. उतरताना दोन्ही जोडून घेऊ." आवाज सपाट होता, कामाचा. "रविवारी सकाळी सातला पायथ्याशी आण." आणि फोन ठेवला.

पायथा म्हणजे रस्ता संपतो तिथून अर्धा तास चढ. थोरली तो झाडांना धरून चढली. खांद्यावर दोन वेटोळी होती आणि शेवटची दहा पावलं तर ती बसून सरकली. सुळका तिच्या कल्पनेपेक्षा लहान होता आणि कल्पनेपेक्षा उभा. तिने एकदाच वर पाहिलं. डॉक्टर पलीकडे खिळे नि हुक मोजत होता; त्याचा पिवळा दोर त्याने स्वतःच गाडीत सोडला होता, "तुमच्या बहिणीने मला काय शिव्या घातल्यात" असं म्हणत. धाकटी दगडावर बसून बुटांच्या नाड्या आवळत होती. थोरलीने निळं वेटोळं तिच्यापुढे ठेवलं.

एरवी धाकटीने टोक उचललं असतं, कमरेला गाठ मारली असती आणि गप्पा मारत निघाली असती. चार वर्षं ती तसंच करत होती, आणि त्याही आधी, टाकीच्या शिडीवर, बहिणीच्या खांद्यावर पाय देताना तो खांदा हलेल का हे तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. आज तिने वेटोळं मांडीवर घेतलं, डोळे मिटले, आणि दोर डाव्या हातातून उजव्या हातात वीतभर वीतभर सरकवायला लागली. तिला ते जमत नव्हतं. चिमटी फार घट्ट होती, त्या जाड कातड्यातून तिला काही कळत नसणार. तरी ती करत राहिली. फुलारलेले चार धागे आले तिथे ती थांबली, ती जागा पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. तिचा वरचा ओठ घामाने ओला झाला होता. सकाळची गार हवा होती.

"मी बघू का?" थोरलीने विचारलं.

"नको," धाकटी म्हणाली. मग दोराकडेच बघत: "काय बघायचं असतं नेमकं? सांग ना."

"सैल धर," थोरली म्हणाली. "घट्ट धरलंस तर काहीच लागत नाही."

धाकटीने चिमटी सैल केली. तिची बोटं थरथरत होती. अगदी बारीक, पाहायची सवय नसलेल्या माणसाच्या लक्षात न येण्याइतकी. थोरलीच्या लक्षात आली. आयुष्यभर तिला हे एकदा पाहायचं होतं. धाकटी घाबरलेली होती. तिने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली, ओढून पाहिली, आणि उभी राहून दगडाला हात लावला, एक पाय फटीत ठेवला, आणि मान वळवून खाली पाहिलं, सहा वर्षांची असताना पाहिलं नव्हतं तसं, खाली कोण आहे ते बघायला. थोरलीच्या तळपायांना मुंग्या आल्या. ती दोन पावलं पुढे गेली आणि सुळक्याच्या बुंध्याशी, तिच्या टाचेखाली, जाऊन उभी राहिली.